वर्दी गावची, तिजोरी ओटावाची

जानेवारी २००० मधली एक रात्र. कॅनडातल्या सस्काटून शहराच्या दोन पोलिसांनी डॅरेल नाइट या क्री समाजातल्या माणसाला गाडीत घातलं आणि शहराबाहेर, क्वीन एलिझाबेथ वीजकेंद्राच्या परिसरात उतरवून दिलं. पारा उणे वीसच्या खाली होता. नाइट अंधारात चालत वीजकेंद्रापर्यंत पोचला, रखवालदाराने दार उघडलं, म्हणून जगला. पुढच्या काही दिवसांत त्याच बाजूला दोन आदिवासी पुरुषांची गोठलेली प्रेतं सापडली.

नाइट जिवंत राहिला आणि बोलला, म्हणून त्याचं प्रकरण कोर्टात उभं राहिलं. बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल त्या दोघा पोलिसांना २००१ मध्ये आठ-आठ महिन्यांची कैद झाली. त्याआधी दहा वर्षं, नोव्हेंबर १९९० मध्ये, नील स्टोनचाइल्ड हा सतरा वर्षांचा मुलगा याच शहराच्या टोकाला गोठून मेला होता. त्याच्या एका पायात बूट नव्हता. पोलिसांनी काही दिवसांतच फाइल मिटली. ती पुन्हा उघडली आणि न्यायमूर्ती डेव्हिड राइट यांच्या चौकशी आयोगाने २००४ मध्ये निष्कर्ष दिला, की त्या रात्री मुलगा दोन पोलिसांच्या ताब्यात होता आणि मृत्यूचा तपास अगदीच वरवरचा झाला होता. आदिवासी वस्त्यांमध्ये असल्या फेऱ्यांना ‘स्टारलाइट टूर’ म्हणत. आयोग नेमला जाण्याच्या कितीतरी आधीपासून म्हणत.

या कहाणीचं शेपूट अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगं आहे. विकिपीडियावरच्या सस्काटून पोलिसांच्या पानावर या फेऱ्यांची माहिती होती. २०१२-१३ च्या सुमारास ती गायब झाली. २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याने खोदून काढलं, की माहिती पुसणारा संगणक खुद्द पोलीस दलातलाच होता. दलानेही ते मान्य केलं. कोणी पुसली, ते मात्र सापडलं नाही म्हणून सांगितलं.

आदिवासींचं पोलिसिंग आणि न्यायातली वांशिक विषमता हा विषय पीएचडीला घेणाऱ्या माणसाला पहिला धडा इथेच मिळतो. नोंद हीच इथे भांडणाची जागा आहे. दुसरा धडा कळायला वेळ लागतो. क्रूर शिपाई शोधणं तुलनेने सोपं असतं. त्याला नाव असतं, बिल्ला असतो, कधीमधी शिक्षाही होते. पण विषमता मुख्यत्वे शिजते, वाढते ती साध्यासुध्या कागदांवर. जामिनाच्या अर्जात, कैद्याच्या वर्गवारीत, अनुदानाच्या करारात. तिथे कोणी खलनायक दिसत नाही आणि म्हणूनच वृत्तपत्रांचं लक्षही जात नाही. या विषयावरच्या चांगल्या संशोधनाने आता मुक्काम हलवायला हवा तो या कागदांकडे, आणि त्यातही पैशांच्या कागदांकडे.

आकडे आधी. २०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडात सुमारे १८ लाख आदिवासी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ५ टक्के. फर्स्ट नेशन्स, मेटी आणि इनुइट असे त्यांचे तीन मुख्य गट. केंद्रीय तुरुंगांमधलं त्यांचं प्रमाण जानेवारी २०२० मध्ये ३० टक्क्यांच्या पुढे गेलं आणि नंतर ३२ टक्क्यांवर पोचलं. महिला कैद्यांमध्ये तर जवळजवळ दर दोघींत एक आदिवासी आहे.

हे सगळं कायदे झोपलेले असताना घडलं असतं तर समजण्यासारखं होतं. प्रत्यक्षात उलटं आहे. कॅनडाच्या संसदेने १९९६ मध्ये फौजदारी संहितेत कलम घातलं, की शिक्षा ठरवताना न्यायाधीशांनी तुरुंगाशिवायच्या पर्यायांचा विचार करावा आणि आदिवासी आरोपींच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्यावं. १९९९ च्या ‘ग्लॅड्यू’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला धार दिली आणि २०१२ च्या ‘इपीली’ निकालात खालच्या कोर्टांचे कान उपटले. ग्लॅड्यू निकालाने स्वतः नोंदवलेला आकडा असा: १९९७ च्या सुमारास आदिवासी लोकसंख्या ३ टक्के आणि केंद्रीय कैद्यांतलं त्यांचं प्रमाण १२ टक्के. त्या १२ ला न्यायालयाने संकट म्हटलं होतं. पाव शतकात ते अडीच पटींहून जास्त झालं.

असं का झालं? कारण ग्लॅड्यू म्हणजे वरातीमागून घोडं. न्यायाधीश शिक्षा सुनावायला बसतो तोवर बरंच काही घडून गेलेलं असतं. कोणाला रस्त्यात अडवायचं, कोणाला समज देऊन सोडायचं, कोणावर गुन्हा नोंदवायचा, कोणाला जामीन द्यायचा, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. जामीन देताना आरोपीला पक्का पत्ता आहे का, नोकरी आहे का, जामीन राहणारा माणूस आहे का, असे प्रश्न विचारतात. दिसायला निष्पक्ष प्रश्न. पण दुर्गम राखीव वस्तीतून आलेल्या तरुणाचा निकाल तेच लावतात. कोठडीत महिनोन्‌महिने काढण्यापेक्षा गुन्हा कबूल करून मोकळं व्हावं, हा हिशेब तिथल्या अनेकांनी केला आहे.

शिक्षा झाल्यावरही हे कागद पाठ सोडत नाहीत. कैदी किती धोकादायक आहे याचे गुण काढणाऱ्या मानसशास्त्रीय चाचण्या केंद्रीय तुरुंग खातं वापरतं. त्या गुणांवर कडक बंदोबस्त की सौम्य, पॅरोल लवकर की उशिरा, हे अवलंबून राहतं. जेफ्री यूअर्ट या मेटी कैद्याने वर्षानुवर्षं एकच प्रश्न लावून धरला: या चाचण्या आदिवासी कैद्यांवर बरोबर चालतात, हे कोणी तपासलंय का? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं म्हणणं उचलून धरलं. खात्याला शंका माहीत होती, तरी त्याने तपासलं नव्हतं. हे काम खरं तर एखाद्या प्रबंधाचं होतं. ते एका कैद्याला कोर्टात जाऊन करवून घ्यावं लागलं.

आता पोलिसांकडे. आरसीएमपी, म्हणजे रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस, लाल कोट आणि घोडा यांमुळे पर्यटकांच्या ओळखीची. तिची पूर्वज नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस १८७३ मध्ये स्थापन झाली ती पश्चिमेचा मुलूख वसाहतीसाठी ताब्यात आणायला. तिथल्या १८८५ च्या आदिवासी उठावानंतर आदिवासींना राखीव वस्तीबाहेर पडायला सरकारी अधिकाऱ्याची चिठ्ठी लागू लागली. या पास पद्धतीला कायद्याचा आधारच नव्हता, तरी ती अनेक दशकं राबवली गेली. पुढे आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांतून पळालेली मुलं शोधून परत नेऊन सोडणं हेही पोलिसांच्याच गळ्यात आलं. ज्या आजीने लहानपणी लाल कोटवाल्याला भावाला ओढून नेताना पाहिलं, तिचा नातू पोलिसाला पाहून रस्ता बदलतो. त्यात नवल नाही.

मग उत्तर सरळ वाटतं: आदिवासींचे पोलीस आदिवासींनीच चालवावेत. कॅनडा सरकारने १९९१ मध्ये नेमकं हेच धोरण आणलं. खर्चाचे ५२ टक्के केंद्र देणार, ४८ टक्के प्रांत देणार. आज सुमारे तीन डझन स्वयंशासित दलं या योजनेखाली चालतात. कागदावर यापेक्षा शहाणं धोरण सापडणार नाही.

गोम आहे ती ‘योजना’ या प्रकारात. टोरांटोच्या पोलिसांना दरवर्षी कोणी विचारत नाही, की तुमचं दल पुढच्या वर्षी चालू ठेवायचं का. आदिवासी दलांना मात्र मुदतीच्या करारावर जगावं लागतं. रक्कम वाटाघाटीतून ठरते असं म्हणतात. प्रत्यक्षात ‘घ्या नाहीतर सोडा’ असा मामला. योजनेच्या अटींनुसार या पैशातून स्वतःची इमारत कर्जावर घेता येत नव्हती, खून किंवा अमली पदार्थांसारख्या गुन्ह्यांसाठी खास पथक ठेवता येत नव्हतं, वाटाघाटीसाठी वकीलही करता येत नव्हता. रिजायना विद्यापीठातले अभ्यासक रिक रडेल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये या दलांच्या पडझडीवर लेख लिहिला. ही दलं अपयशी व्हावीत अशाच बेताने उभारली गेली का, हा प्रश्न त्याच्या मथळ्यातच आहे.

तुटपुंज्या पैशाचा अर्थ काय होतो, ते उत्तर ऑन्टारिओतल्या कशेचेवान वस्तीत दिसलं. जानेवारी २००६ मध्ये निश्नावबे-आस्की पोलीस सेवेच्या तिथल्या कोठडीला आग लागली. कोठडीचं दार वेळेत उघडता आलं नाही आणि आत अडकलेले दोन तरुण जळून मेले. आग लागताच आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा त्या इमारतीत नव्हती. शहरातल्या कुठल्याही पोलीस ठाण्याला अशा इमारतीत माणूस कोंडण्याची परवानगी मिळाली नसती.

दुसरं उदाहरण क्वेबेकमधलं, आणि त्यात रक्ताचा थेंब नाही. नुसता हिशेब आहे. लॅक सेंट-जीनच्या काठावरच्या मॅश्तेउइआत्श इथल्या इनू समाजाचं स्वतःचं पोलीस दल आहे. २०१३ ते २०१७ या काळात सरकारी वाटा वाढेना आणि खर्च थांबेना. तूट समाजाच्या परिषदेने स्वतःच्या निधीतून भरली. दल बंद केलं असतं तर प्रांताचे पोलीस आले असते. पण त्यांचा जुना अनुभव असा होता, की पुन्हा तो नको. परिषदेने तूट सोसली आणि मग दावा ठोकला. अपील न्यायालयाने केंद्राने सुमारे ८ लाख ३२ हजार आणि क्वेबेकने सुमारे ७ लाख ६७ हजार डॉलर द्यावेत असं सांगितलं. केंद्राने पैसे भरले. क्वेबेक सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २७ नोव्हेंबर २०२४ ला हरलं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: वाटाघाटीच्या नावाखाली तोच आकडा पुढे ढकलत राहणं आणि समोरच्याची अडचण ओळखून हटून बसणं सरकारच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. या निकालाचं महत्त्व रकमेपेक्षा मोठं आहे. अनुदानाचा करारही आता न्यायाच्या कसोटीवर तपासला जाणार.

ऑन्टारिओत २०२३ मध्ये तीन दलांनी जुन्या अटींवर सही करायला नकार दिला, तेव्हा त्यांचा पैसाच थांबला. सुमारे पंचेचाळीस वस्त्यांचे पोलीस पगाराविना राहण्याची वेळ आली. अखेर जून २०२३ मध्ये केंद्रीय न्यायालयाने तातडीचा आदेश काढून पैसे सोडायला लावले. आणि यावर कडी म्हणजे महालेखापरीक्षक कॅरेन होगन यांचा मार्च २०२४ चा अहवाल. २०२२-२३ मध्ये या योजनेचे १ कोटी ३० लाख डॉलर खर्चच झाले नाहीत आणि त्यापुढच्या वर्षी साडेचार कोटींहून जास्त पडून राहतील असा अंदाज योजना चालवणाऱ्या खात्याचाच होता. एकीकडे दलं हात पसरतायत, दुसरीकडे तिजोरीत पैसा कुजतोय.

दलच नसलं तर काय होतं, तेही दिसलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सस्कॅचवनमधल्या जेम्स स्मिथ क्री नेशनवर आणि जवळच्या एका गावात एका हल्लेखोराने चाकूने धुमाकूळ घातला. त्यात अकरा जण मेले. वस्तीचं स्वतःचं दल नव्हतं. आरसीएमपी मेलफर्ट गावाहून यायची. पहिला फोन गेल्यानंतर पोलीस पोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. आदिवासी पोलिसिंगला ‘अत्यावश्यक सेवा’ ठरवणारा कायदा आणू, हे आश्वासन तत्कालीन पंतप्रधान ट्रूडो यांनी या हल्ल्याच्या आधीच, २०२० मध्ये, दिलं होतं.

विषमतेच्या या मांडणीवरचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गुन्हे जास्त होतात म्हणून कैदी जास्त, यात वंशाचा काय संबंध? आदिवासी वस्त्यांमध्ये हिंसा खरोखर जास्त आहे, हे आदिवासी महिलांनीच सर्वांत ठामपणे सांगितलं आहे. कॅनडात खून झालेल्या दर चार जणांमध्ये साधारण एक आदिवासी असतो. पण मग प्रश्न उलट विचारला पाहिजे: इतके पोलीस, इतक्या अटका, आणि तरी ज्यांचं रक्षण करायचं ते असे उघड्यावर का? थंडर बे शहरात आदिवासींच्या मृत्यूंचा तपास कसा होतो, याची ऑन्टारिओच्या पोलीस देखरेख कार्यालयाने चौकशी केली. डिसेंबर २०१८ च्या अहवालात नऊ प्रकरणं नव्याने तपासायला सांगावी लागली आणि तपासात वंशभेद संस्थेच्या पातळीवर असल्याचं नमूद झालं. बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या आदिवासी स्त्रियांवरच्या राष्ट्रीय चौकशीने २०१९ मध्ये २३१ मागण्या मांडल्या, त्यांतही हीच तक्रार आहे. संशयित पकडायला पोलीस हजर आणि फिर्यादीच्या मदतीला पोलीस गैरहजर: या दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत, एकाच आठवड्यात घडतात.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. साम्राज्य एकच होतं. नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलीस स्थापन होण्याच्या दोन वर्षं आधी, १८७१ मध्ये, हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला आणि १९११ च्या सुधारणेनंतर तो मुंबई इलाख्यातही राबवला गेला. तिकडे पास, इकडे हजेरी आणि दाखला. सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणं ज्यांच्या आजोबांनी पाहिली, अशी माणसं आजही शहरात आहेत. १९५२ मध्ये कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पोलीस ठाण्यातली सवय मात्र गेली नाही.

नाशिकजवळच्या २००३ मधल्या दरोडा-खून प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती आणि ती गोष्ट बाजूला पडली होती. कॅनडातल्या डोनाल्ड मार्शलशी ही गोष्ट जुळते. सतरा वर्षांच्या या मिगमॉ मुलाला १९७१ मध्ये न केलेल्या खुनासाठी जन्मठेप झाली, अकरा वर्षं तो आत राहिला. पण पुढे नोवा स्कोशियाने शाही आयोग नेमला. पोलीस, वकील, न्यायाधीश सगळ्यांनी कुठे माती खाल्ली आणि त्यात वंशभेदाचा वाटा किती, हे आयोगाने १९८९ मध्ये जाहीरपणे लिहिलं. आपल्याकडे सहा जण फासाच्या दोरापासून परत आले आणि तसा एकही आयोग बसला नाही.

पालावरच्या छाप्याचं वर्णन मराठी साहित्याला नवीन नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला साहित्य अकादमीने १९८८ मध्येच गौरवलं. कमी आहे ती मोजणीची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंग अहवालात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने असतात. विमुक्तांचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या तुरुंगात पारधी किती, हा साधा प्रश्नही अहवाल चाळून सुटत नाही.

मोजणीला दुसरी बाजूही आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद रद्द केला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. न्यायालय बरोबरच होतं. त्या रकान्याचा उपयोग झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला होत होता. जमातीची नोंद माणसावर पाळत ठेवायला वापरायची की सरकारला जाब विचारायला, यावर सगळं अवलंबून आहे. कॅनडातल्या पोलीस दलांनीही रस्त्यात अडवताना वंश टिपला आणि जाहीर आकडेवारीत तो टाळला. तिथल्या सांख्यिकी खात्याने आणि पोलीसप्रमुखांच्या संघटनेने हा डेटा पद्धतशीर गोळा करायचं ठरवलं ते २०२० मध्ये.

म्हणून तिथले आदिवासी समाज आता संशोधकालाही अटी घालतात. माहितीची मालकी, नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि ताबा हे चारही समाजाकडे राहावेत, ही भूमिका फर्स्ट नेशन्सनी १९९८ पासून मांडली आहे. विद्यापीठाची मान्यता घेऊन थेट वस्तीत शिरता येत नाही. आधी परिषदेशी बोलावं लागतं, काय विचारणार आणि निष्कर्ष आधी कोणाला दाखवणार, हे ठरवावं लागतं. काही प्राध्यापकांना हा जाच वाटतो. ज्या समाजाने शंभर वर्षं आपल्याविषयीचे कागद दुसऱ्यांच्या कपाटात पाहिले, त्याने चावी मागितली तर तो जाच कसा? आणि आता त्या समाजातलेच लोक संशोधकाच्या खुर्चीत बसू लागले आहेत. लिसा मॉन्चालिन यांनी ओटावा विद्यापीठातून गुन्हेशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ती मिळवणाऱ्या त्या कॅनडातल्या पहिल्या आदिवासी महिला मानल्या जातात. २०१६ च्या पुस्तकात त्यांनी ‘इंडियन प्रॉब्लेम’ हा जुना सरकारी शब्दप्रयोग उलटवून प्रश्न वसाहतवादाचा असल्याचं मांडलं.

पुढचं काम कुठे आहे, तेही दिसतंय. कशेचेवानची आग ज्या दलाच्या कोठडीत लागली, ती निश्नावबे-आस्की सेवा उत्तर ऑन्टारिओतल्या ३४ वस्त्या सांभाळते. २०२४ च्या अखेरीस ती प्रांताच्या पोलीस कायद्याखाली आली. म्हणजे इतर दलांना लागू असलेली मानकं तिला लागू झाली आणि ती पाळण्यासाठी लागणारा पैसा हक्काने मागण्याची सोय झाली. योजनेवर जगणारं दल आणि कायद्यावर उभं असलेलं दल यांत फरक पडतो का, हे तपासण्याची इतकी चांगली संधी पुन्हा येणार नाही. फोन केल्यापासून पोलीस पोचायला किती वेळ लागतो, किती जणांना समज देऊन सोडलं, किती जणांना जामीन मिळाला, किती जण पुन्हा आत गेले: हे पाच वर्षांनी मोजायचं तर आजच्या नोंदी आजच, वस्त्यांच्या ताब्यात राहतील अशा रीतीने ठेवायला लागतील. त्यासाठी माणसं हवीत, पैसे हवेत. खर्च न झालेले कोट्यवधी डॉलर ज्या खात्याकडे पडून राहतात, त्याने त्यातला थोडा वाटा या कामाला द्यायला कोणाची हरकत असेल, तर ती त्याने लेखी नोंदवावी.